जोडीचा खेळ

श्रोतेहो, आज एका खेळाडूची हकिकत सांगायची आहे. पण त्याच्याकडे जाण्याची वाट आमच्या शाळेच्या मागच्या आवारातून जाते, तेव्हा तेवढे अंतर माझ्याबरोबर चालावे लागेल.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. तिच्या काठच्या एका खेड्यात मी बरीच वर्षे मास्तरकी केली. शाळेमागे मुरमाचा एक सपाट तुकडा होता. पाऊस सरला, जमीन वाळली, की मुले तिथे दोन बांबू रोवून जाळी बांधत. जाळी म्हणजे कधी खरी जाळी, कधी नुसती सुतळी. रॅकेटी चार आणि खेळणारे चाळीस, त्यामुळे आमच्याकडे बॅडमिंटन म्हणजे चौघांचाच खेळ. चौघे एकदम उतरले की रांग लवकर पुढे सरके. शटलला मुले फूलच म्हणत, आणि मीही आज तोच शब्द वापरणार आहे.

चुन्याच्या रेघा आखण्याचे काम माझ्याकडे असे. या खेळाच्या मैदानाला दोन्ही बाजूंना दोन-दोन रेघा असतात. आतली एकेरीची, बाहेरची दुहेरीची. एकेरीचे मैदान १७ फूट रुंद, दुहेरीचे २० फूट. लांबी ४४ फूट. म्हणजे दोन्ही अंगांना दीड-दीड फुटाची पट्टी तेवढी जास्त. चुना पुरेनासा झाला की मी बाहेरची रेघ खुशाल सोडून देई. सामन्याला आमच्या शाळेतून एकच मुलगा जायचा, तोही एकेरीला. मग बाहेरची रेघ हवी कशाला, असा माझा हिशेब.

एका वर्षी दोन मुलांची जोडी अशी जमली होती, की समोर कोणीही उभे राहो, ती हरत नसे. एक उंच, तो मागून जोरात मारायचा. दुसरा ठेंगणा, तो जाळीपाशी उभा राहून आलेले फूल नुसते खाली ढकलायचा. मी उंच मुलाला निवडले. ठेंगण्याला म्हटले, "तू पुढच्या वर्षी." उंच मुलगा पहिल्याच सामन्यात हरून आला, कारण जाळीपाशी त्याला काही येतच नव्हते, ते काम आजवर दुसऱ्याने केले होते. आणि तो दुसरा पुन्हा मैदानावर आला नाही. ही चूक सर्वस्वी माझी होती. तिच्यामुळेच पुढची हकिकत मी जरा जास्त कान देऊन ऐकली.

बॅडमिंटन हा काही आपल्याला परका खेळ नव्हे. आपले शिरूर, म्हणजे घोडनदी, एकेकाळी इंग्रजांची छावणी होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेली कंपनी सरकारची तुकडी शिरूरहूनच निघाली होती. पुढे पुण्याची छावणी मोठी झाली, आणि तिथल्या साहेबलोकांनी मोकळ्या अंगणात जाळी बांधून हा खेळ सुरू केला. १८७३ मध्ये त्याचे नियम पुण्यात लिहून काढले गेले. इंग्लंडात परतलेल्या अधिकाऱ्यांनी तो तिकडे नेला, तेव्हा काही काळ त्याला 'पूना' याच नावाने ओळखत. ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या वाड्याचे नाव बॅडमिंटन, ते त्याला नंतर चिकटले. वाऱ्याचा त्रास मात्र साहेबालाही चुकला नाही. वारा फार असला की पिसांच्या फुलाऐवजी लोकरीचा चेंडू घेऊन ते खेळत. चैत्रात आमच्या आवारात फूल नांगरटीत जाऊन पडे तेव्हा मला त्यांची आठवण येई.

आता एक गंमत ऐका. इंग्लंडातली या खेळाची सर्वांत जुनी आणि मानाची स्पर्धा म्हणजे ऑल इंग्लंड. ती पहिल्यांदा भरली १८९९ साली. त्या वर्षी तिथे एकेरीचा सामनाच नव्हता! पुरुषांची दुहेरी, स्त्रियांची दुहेरी आणि मिश्र दुहेरी, एवढेच काय ते सामने झाले. एकेरी दुसऱ्या वर्षी आली. म्हणजे या खेळात जोडी आधीची आणि एकटा नंतरचा. आपण मात्र पुढे सारा मान एकट्याला दिला.

आपल्या पुण्याकडे पाहिले तर सुरुवात जोडीनेच झालेली दिसेल. प्राध्यापक दि. ब. देवधर यांचे नाव क्रिकेटमुळे घरोघर माहीत आहे. संस्कृत शिकवणारा हा माणूस महाराष्ट्राच्या संघाचा कप्तान होता आणि त्याच्या कारकिर्दीत १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक महाराष्ट्राकडे आला. त्यांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन या तिघी बहिणींनी १९४० नंतरच्या दशकात देशातले स्त्रियांचे बॅडमिंटन गाजवले, एकेरीतही आणि दुहेरीतही. ज्या काळात मुलीने भर मैदानात रॅकेट घेऊन धावणे अनेक घरांत खपत नव्हते, त्या काळातली ही गोष्ट आहे. वडिलांची आठवण म्हणून आपण करंडकाला त्यांचे नाव दिले. मुलींचे नाव किती शाळांतून घेतले जाते, हे शिक्षक मंडळींनी मनाशीच पाहावे.

मग आले नंदू नाटेकर. १२ मे १९३३ रोजी सांगलीला जन्म. आधी टेनिस खेळत. १९५१-५२च्या कुमारांच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि टेनिस सोडून बॅडमिंटनकडे वळले. हरणे कधी कधी असे कामाला येते. १९५४ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेत ते उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगर स्पर्धा जिंकली. परदेशातली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्या पहिल्याच तुकडीत त्यांचे नाव होते. हे सगळे आपण वाचलेले असते. आता न वाचलेले सांगतो. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी एकेरी ६ वेळा जिंकली, पुरुष दुहेरी ६ वेळा आणि मिश्र दुहेरी ५ वेळा. बेरीज करा. १७ पैकी ११ विजय जोडीचे आहेत! थॉमस चषकात १९५१ ते १९६३ या काळात ते १६ एकेरी सामने खेळले आणि १६ दुहेरी. एकेरीतले १२ जिंकले, दुहेरीतले ८. १९६२ साली बँकॉकला मीना शहा यांच्याबरोबर मिश्र दुहेरी जिंकली आणि पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी एकेरी. पण नाटेकर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकटा माणूसच उभा राहतो. त्यांचे चिरंजीव गौरव नाटेकर टेनिस खेळले आणि १९९४च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडर पेसच्या जोडीने सुवर्णपदक घेऊन आले. तेही दुहेरीचेच, बरं का. नंदू नाटेकर २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात वारले.

१९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये महाराष्ट्राचे प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांनी पुरुष दुहेरीत कांस्यपदक मिळवले. त्यानंतर काय झाले? या प्रकारात एशियाडचे पुढचे पदक यायला ४१ वर्षे लागली.

असे का व्हावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे दोष खेळाडूंचा नव्हता. १९८० मध्ये प्रकाश पडुकोण यांनी ऑल इंग्लंड जिंकली, २००१ मध्ये पुल्लेला गोपीचंद यांनी. पुढे सायना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू यांनी ऑलिंपिकची पदके आणली. सगळी एकेरीची. साहजिकच चांगला मुलगा दिसला की त्याला एकेरीत घालायचे, आणि उरलेल्यांच्या जोड्या लावायच्या, अशी रीत पडली. मी शाळेत जे केले तेच मोठ्या प्रमाणावर चालले होते. आपल्या वर्ध्याला जन्मलेली ज्वाला गुट्टा ही दुहेरीची खेळाडू. तिने अश्विनी पोनप्पाबरोबर २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०११ साली लंडनला जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. दुहेरीकडे दुर्लक्ष होते, हे ती उघड बोलत असे. काहींना ते रुचले नाही.

कोरिया देशाने मात्र उलट केले. बॅडमिंटनला १९९२ साली बार्सिलोनात ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. तेव्हापासून २०२४ पर्यंत कोरियाने त्यात ७ सुवर्णपदके मिळवली, आणि त्यांतली ५ दुहेरीची आहेत. पार्क जू-बाँग हे त्यांचे मोठे नाव. जोडीदार किम मून-सू याच्याबरोबर त्याने बार्सिलोनात पुरुष दुहेरीचे सुवर्ण घेतले. चार वर्षांनी अटलांटाला मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात दोन्ही जोड्या कोरियाच्याच होत्या. पार्क त्यांतल्या एका जोडीत होता आणि हरला. जिंकणाऱ्या जोडीत एक बाई होत्या, गिल यंग-आ नावाच्या. हे नाव लक्षात ठेवा. आपल्याला ते पुढे लागणार आहे.

आता ज्याच्यासाठी एवढी वाट चाललो त्या मुलाकडे येऊ. चिराग शेट्टी. ४ जुलै १९९७ रोजी मुंबईत जन्म. घरची बोली तुळू, वाढला मुंबईच्या गोरेगावात, आणि खेळाचे पहिले धडे तिथेच उदय पवार यांच्याकडे गिरवले. पुढे तो हैदराबादला गोपीचंद यांच्या प्रबोधिनीत गेला. तिथे तान किम हर नावाचे मलेशियाचे प्रशिक्षक आले होते, खास दुहेरीसाठी. त्यांनी चिरागची गाठ आंध्रातल्या अमलापुरम गावच्या एका मुलाशी घालून दिली. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी त्याचे नाव. तीन वर्षांनी लहान, घरची भाषा तेलुगू, हिंदी तेव्हा त्याला फारशी येत नसे. दोघेही सहा फुटांच्या आसपास उंच, दोघेही मागून जोरात फटका मारणारे.

शेतकरी मंडळींना मी वेगळे सांगायला नको. दोन्ही बैल धुरेला ओढणारे असले, तर जू कसे चालायचे?

दुहेरीत चाल अशी असते. आपण मारा करत असलो की एक पुढे आणि एक मागे. समोरचा मारा करू लागला की दोघांनी झटकन बाजूबाजूला व्हायचे, अर्धे-अर्धे मैदान वाटून घ्यायचे. पुन्हा संधी आली की पुन्हा पुढे-मागे. हे सारे निमिषार्धात, न बोलता. सर्व्हिससुद्धा जाळीला जेमतेम ओलांडून जाईल अशी करावी लागते. थोडी उंच गेली की समोरचा ती अंगावर आदळवतो. आणि सर्वांत अवघड ते मधले फूल. दोघांच्या बरोबर मध्ये आलेले फूल कोणाचे? दोघांनी सोडले तर गुण गेला. दोघे धावले तर रॅकेटीवर रॅकेट. मुलांना दुहेरी शिकवायची असेल तर पहिले दोन आठवडे फक्त मधले फूल टाकत राहावे, असे मी आता तरुण शिक्षकांना सांगतो. ताकद नंतर येते.

मागून मारणे हा दिसायला देखणा भाग. टाळ्या त्यालाच पडतात. सात्त्विकच्या फटक्याचा वेग २०२३ साली जपानमध्ये मोजला, तो ताशी ५६५ किलोमीटर भरला, आणि गिनेस बुकात नोंदला गेला. जाळीपाशी उभा राहणारा मनुष्य वेगळे काम करतो. फटक्याला आलेले उत्तर मध्येच अडवायचे, समोरच्याला फूल उचलायला भाग पाडायचे, म्हणजे मागच्याला मारता येते. चिराग स्वतः मागून मारणारा असून हळूहळू हे पुढचे काम शिकला. आपल्या हातातली गोष्ट दुसऱ्याला देऊन स्वतः नवे शिकायचे, ते विशीत! मला तर त्याच्या सगळ्या पदकांपेक्षा याचे जास्त वाटते.

फळ लगेच आले नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियात राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला सांघिक सुवर्ण मिळाले आणि या जोडीला रौप्य. २०१९च्या ऑगस्टात थायलंडच्या खुल्या स्पर्धेत अंतिम सामन्यात त्यांनी चीनची जोडी हरवली. ते दोघे आदल्या वर्षीचे जगज्जेते होते. तेव्हा जग जरा वळून पाहू लागले.

मग टोकियोचे ऑलिंपिक. महामारीमुळे ते २०२१ साली झाले. त्यातली हकिकत ऐकण्यासारखी आहे. चार जोड्यांचा एक गट, त्यांतल्या दोनच पुढे जाणार. पहिल्याच सामन्यात आपल्या जोडीने तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांना तीन गेममध्ये हरवले. शेवटचा गेम २७-२५! दुसरा सामना इंडोनेशियाच्या जोडीकडून हरले. तिसरा, इंग्लंडच्या जोडीविरुद्धचा, जिंकले. तीनपैकी दोन विजय. पण तैवान आणि इंडोनेशिया यांचेही दोन-दोन विजय झाले. मग जिंकलेल्या आणि हरलेल्या गेमचा हिशेब काढला, आणि त्यात आपली जोडी मागे पडली. दोन सामने जिंकून ती घरी आली. तैवानची जोडी पुढे गेली आणि सुवर्णपदक घेऊन परतली. म्हणजे त्या स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्यांना हरवणारी एकमेव जोडी उपांत्यपूर्व फेरीतसुद्धा नव्हती. कोणी म्हणेल, नशीब. मी म्हणतो, नियम आधीपासून ठाऊक होते. पण ते गिळणे सोपे नसते, हेही खरे.

पुढच्या वर्षी, १५ मे २०२२ रोजी, बँकॉकला थॉमस चषकाचा अंतिम सामना होता. पुरुषांच्या या सांघिक स्पर्धेत भारत त्यापूर्वी कधी अंतिम फेरीलाही पोहोचला नव्हता. समोर इंडोनेशिया, १४ वेळा जिंकलेला देश. पूर्वी या चषकात एका लढतीत ९ सामने असत, ५ एकेरी आणि ४ दुहेरी. आता ५ असतात, ३ एकेरी आणि २ दुहेरी. चांगली जोडी नसेल तर नुसत्या एकेरीच्या बळावर हा चषक येत नाही. नाटेकरांच्या पिढीला हे चांगले कळत होते. लक्ष्य सेनने पहिला सामना जिंकला. दुसरा या जोडीचा. पहिला गेम १८-२१ असा गेला. दुसऱ्या गेममध्ये समोरच्यांना सामना संपवायला एकच गुण हवा, अशी वेळ चार वेळा आली. चारही वेळा आपल्या मुलांनी तो दिला नाही. गेम २३-२१, आणि तिसरा २१-१९. त्यानंतर किदंबी श्रीकांतने काम पुरे केले आणि भारत ३-० असा जिंकला. दुसऱ्या दिवशी गावच्या चावडीवर क्रिकेट सोडून दुसरे काही बोलणे मी फार वर्षांनी ऐकले.

यानंतर विजयांची रांगच लागली, ती मी भरभर सांगतो. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, त्याच महिन्यात टोकियोला जागतिक स्पर्धेत कांस्य. पुरुष दुहेरीतले भारताचे ते पहिले जागतिक पदक. २०२३च्या एप्रिलमध्ये दुबईला आशियाई अजिंक्यपद. यापूर्वी हे सुवर्ण भारताला मिळाले होते ते १९६५ साली, दिनेश खन्ना यांनी एकेरीत. जूनमध्ये इंडोनेशियाची खुली स्पर्धा, जुलैमध्ये कोरियाच्या येओसू शहरातली कोरियाची खुली स्पर्धा. दुहेरीचे माहेरघर म्हणावे अशा देशात जाऊन जिंकून आले!

आणि मग चीनमधल्या हांगझोऊ शहरातले एशियाड. अंतिम सामना ७ ऑक्टोबर २०२३ रोजी. समोर कोरियाची जोडी, चोई सोल-ग्यू आणि किम वोन-हो. या किम वोन-होची आई कोण असेल? मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेल्या गिल यंग-आ. अटलांटाचे सुवर्ण ज्यांनी जिंकले त्या बाईंचा हा मुलगा. दुहेरी त्यांच्या घरातच होती. आपल्याकडे गवयाचे घराणे असते ना, तसे म्हणा. आणि इकडे गोरेगावचा एक आणि अमलापुरमचा एक. सामना सरळ दोन गेममध्ये संपला, २१-१८ आणि २१-१६. बॅडमिंटनमध्ये एशियाडचे सुवर्ण भारताला यापूर्वी कोणत्याच प्रकारात मिळाले नव्हते, एकेरीतही नाही. तीन दिवसांनी, १० ऑक्टोबरला, जागतिक क्रमवारी निघाली. त्यात पुरुष दुहेरीत पहिला क्रमांक या दोघांचा होता. तिथे पोहोचलेली ही पहिली भारतीय जोडी. त्या वर्षाचा खेलरत्न पुरस्कार दोघांना मिळून जाहीर झाला.

पुढचे सगळे गोड झाले असे नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या ॲरन चिया आणि सोह वूई यिक यांच्याविरुद्ध पहिला गेम जिंकूनही ते हरले. ऑलिंपिकचे पदक पुन्हा हुकले. २०२५च्या ऑगस्टात त्याच पॅरिसला जागतिक स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत त्याच मलेशियाच्या जोडीला हरवून त्यांनी दुसरे जागतिक कांस्य घेतले. पण सुवर्ण कोणी नेले? किम वोन-हो याने, सेओ सेउंग-जे या जोडीदाराबरोबर. आणि लगेच सप्टेंबरात चीनमधल्या एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्या दोघांनी आपल्या जोडीला सरळ दोन गेममध्ये हरवले. हांगझोऊचे उसने असे फिटले.

मंडळी, हांगझोऊच्या सामन्यानंतर काही दिवसांनी मी दौंड जंक्शनवर गाडीची वाट पाहत बाकावर बसलो होतो. एक गृहस्थ जवळ आले, पाया पडले. मी ओळखले नाही. ठेंगणी चण, डोक्याला टक्कल, हातात मोबाईल. "सर, मी तुमच्या शाळेचा," म्हणाले, आणि नाव सांगितले. तो जाळीपाशी उभा राहणारा मुलगा! आता त्याचा टेंपो आहे, उसाच्या हंगामात त्याला उसंत नसते. सामना त्याने टेंपोतच मोबाईलवर पाहिला होता. गुण त्याला तोंडपाठ. सर्व्हिस कोणी कशी केली, मधले फूल कोणी घेतले, सगळे हातवारे करून सांगितले. फलाटावरची दोन-चार माणसे उभी राहून ऐकू लागली.

मग म्हणाला, "सर, तो चिराग पुढं उभा राहतो बघा. पुढच्याला आपल्याकडं कोण विचारत होतं?"

त्याने ते सहज म्हटले. माझ्यावर रोख नसावा. मी त्या वर्षीचे काही बोलणार होतो, पण तेवढ्यात गाडी आली, आणि तो माझी पिशवी डब्यात चढवून देऊन गेला.

दिवाळीच्या सुटीनंतर त्या शाळेवरून गेलो. आता तिथे दुसरे मास्तर आहेत. मागच्या आवारात बांबूंच्या जागी लोखंडी खांब आले आहेत आणि चुन्याच्या रेघा दोन्ही आखलेल्या होत्या, आतली आणि बाहेरची. मधल्या पट्टीतले गवत मात्र काढायचे राहिले होते. त्यात पडलेले फूल दोन मुली हुडकत होत्या, आणि ते मघाशी कोणी घ्यायचे होते यावरून त्यांची चांगलीच जुंपली होती.